खिडकी हलून राहिली

बाबांचा फोन दुपारी दोनला,
जेव्हा मानेवाड्यात कुत्रंही गाडीखालून निघत नाही.
"कम्प्युटर बिघडला. खिडकी हलून राहिली."
कोणती खिडकी, मी विचारलं.
"हिशेबाची, बाप्पा. धरली की हलते. खरवसासारखी."

तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर निघाले.
पारा शेहेचाळीसवर, सीटवर ओला नॅपकिन,
पहिल्या सिग्नलपर्यंत तोही वाळला.

दार उघडताच त्यांनी अहवाल दिला:
चारदा बंद-चालू केला.
रॅम काढून खोडरबरानं पुसली
(ड्रॉइंग ऑफिसातलं हिरवट रबर, अजून मऊ).
टेबलाच्या पायाखाली लग्नपत्रिका दुमडून घातली,
वर पाण्याची वाटी ठेवून पाहिली.
पाणी हललं नाही.
मग संशय कूलरवर.
एकाच बोर्डावर दोघं, पंप व्होल्टेज खातो,
म्हणून दीड तास कूलर बंद करून बसले होते,
बनियन पाठीला चिकटलेलं,
आणि खिडकी तरी हलतच होती.

मी आधी कूलर लावला.
मग माउस धरला, खिडकी वरच्या पट्टीला पकडून ओढली.
कोपरे मागे राहिले, मग धावत आले,
मधोमध पोट सुटलं, सावरलं.
"पाह्य बरं!" बाबा जवळजवळ टाळी वाजवत,
"तुह्या हातानंही हलते!"

इतके खूश मी त्यांना जानेवारीनंतर पाहिले नव्हते.
जानेवारीत धंतोलीतल्या डॉक्टरांनी
त्यांना कागदावर गोगलगाय काढायला लावली,
आतून बाहेर येणारी एकच रेघ.
छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलचे नकाशे
काळ्या शाईत काढणाऱ्या माणसाला.
तो कागद फाइलमध्ये आहे.
फाइल कपाटावर आहे.

डेकाट्यांच्या गोलूनं मागच्या आठवड्यात
नवी सिस्टीम टाकून दिली, आणि सोबत आपली सगळी हौस:
ठोकळ्यासारखा गरगर फिरणारा पडदा,
बंद करताच कागदासारखी जळणारी खिडकी,
आणि पाच मेनू खाली उतरल्यावर
एका इवल्या चौकटीत बरोबरची खूण: खिडक्या डुलवा.
शेजारी स्प्रिंगचा आकडा, घर्षणाचा आकडा.
बिघाड नव्हताच. शोभा होती.

सापडलं, मी ओरडले, आणि खूण काढली.
आता ओढा.

बाबांनी उजव्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू दिला,
दिला नाही असं दाखवत.
खिडकी आता पुठ्ठ्यासारखी कडक.
निघाली, डावीकडे, जराशी उजवीकडे, डावीकडे,
पुन्हा उजवीकडे,
हातातला एकेक झटका जसाच्या तसा.
मघाशी तेच झटके ती पोटात घेत होती,
त्यांची लाट करून परत देत होती.

वाळ्यावर पाणी ठिबकत होतं.
त्यांनी माउस सोडला, हात मांडीखाली दाबला.
"माउस खराब असंल," म्हणाले.
मागच्याच महिन्यात बर्डीवरून मी आणलेला.
"असेल," मी म्हणाले.

पाच मेनू पुन्हा उतरले.
खूण केली. घर्षण तीनचं पाच.
बघा आता.

मे महिन्याचा मेंटेनन्स, सतरा फ्लॅट,
बोरकुट्यांचे तीन हप्ते बाकी,
सगळं पाण्यावर ठेवल्यासारखं डुललं
आणि हळूहळू थांबलं.
"जराशी हलतेच अजून," बाबा म्हणाले.
कम्प्युटरच तसा आहे, मी म्हणाले.
"मंग चालते."

निघताना पायाखालची पत्रिका काढायला वाकले
तर म्हणाले, राहू दे ती.